कोऱ्या हाताची अट

सैन्यात किंवा निमलष्करी दलात जाऊ पाहणारा यवतमाळ जिल्ह्यातला मुलगा तीन गोष्टींची तयारी करतो: ग्राउंड, पेपर आणि मेडिकल. ग्राउंड पायांच्या जोरावर निघते, पेपर पाठांतरावर. मेडिकलला मात्र त्याने आधीच अंगावर लिहून घेतलेले काहीतरी आडवे येऊ शकते. जत्रेत काढलेले नाव, दंडावरचा त्रिशूळ, उजव्या मनगटाजवळचा ॐ. मग नागपूर-अमरावतीच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे चौकशा सुरू होतात. लेसरला किती वेळा यावे लागेल, भरतीच्या तारखेआधी हात मोकळा होईल का, डाग राहील का. घरात मात्र एकच प्रश्न असतो: कशाला केली होती ही थेरं? या प्रश्नामागे एक इतिहास गृहीत धरलेला असतो. पूर्वी गोंदण ही परंपरा होती, पुढे ती फॅशन झाली आणि आता शिस्तीच्या नोकरीने त्या फॅशनला आवर घातला, असा तो इतिहास. मला तो पटत नाही. या जिल्ह्याच्या आणि एकूण वऱ्हाडाच्या भूतकाळात गोंदण शोभेपेक्षा दाखला म्हणून जास्त वापरले गेले. माणूस कोणाचा, कुठल्या घरचा, कशाला पात्र, हे त्वचेवर लिहिण्याचा अधिकार आधी समाजाकडे होता. मग सरकारने त्यात हात घातला. पुढे सरकारला त्वचेपेक्षा कागद सोयीचा झाला, तेव्हा त्याने उमेदवाराकडे कोरी त्वचा मागायला सुरुवात केली. लेसरची बैठक ही या लांबलेल्या देवाणघेवाणीतली अगदी अलीकडची पायरी आहे.

गोंदणाचा दाखला म्हणून उपयोग कसा होता, याचा पुरावा जुन्या नोंदींत आहे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९१६ मध्ये, आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातली गोंडांविषयीची बरीच निरीक्षणे मंडला आणि सातपुड्याकडची आहेत, आणि लिहिणारा राज्यकर्त्या वर्गातला अधिकारी आहे, हे विसरून चालत नाही. तरी गोंदणाबद्दलचा एक तपशील तिथे असा आहे की तो माझ्या मते सगळ्या नक्ष्यांपेक्षा मोलाचा आहे: मुलीचे गोंदण शक्यतो लग्नाआधी, बापाच्या घरीच व्हावे, लग्नानंतर करायची वेळ आली तर त्याचा खर्च माहेरानेच द्यावा. नुसत्या दागिन्याला असा नियम लागत नाही. दागिना सासरीही घडवता येतो, मोडताही येतो, अडीअडचणीला सावकाराकडे ठेवता येतो. गोंदण हे माहेराने पार पाडायचे कर्तव्य होते आणि ते पार पडल्याची पावती मुलीच्या हातापायांवर कायमची राहत होती. सासरच्या माणसांनी ती वाचायची, आणि मेल्यानंतर परलोकात जो कोणी हिशेब घेणार असेल त्यानेही. बरोबर येते ते फक्त गोंदण, बाकी सगळे इथेच राहते, ही समजूत गोंडांत आहे आणि इतर अनेक समाजांतही आहे. जे चोरीला जात नाही, गहाण पडत नाही आणि खोडता येत नाही, त्याच्यावर लोक विश्वास टाकतात.

हा दाखला देणारे हातही ठरलेले होते. गोंडांमधल्या ओझा या भाट-भगताच्या गटातल्या बाया गोंदण्याचा धंदा करत. काजळी, तेल किंवा नीळ, एकत्र बांधलेल्या सुया, वरून हळद, एवढेच साहित्य. वेदना मात्र थोडी नसे. कॅप्टन फोर्सिथने १८७१ मध्ये मध्य भारतातल्या डोंगराळ मुलखावर लिहिलेल्या पुस्तकात, गावाजवळून जाणाऱ्या वाटसरूच्या कानावर किंकाळ्या पडल्या की एखाद्या गोंड मुलीचे गोंदण चालू आहे असे समजावे, अशा अर्थाची नोंद आहे. मैत्रिणी मुलीला धरून ठेवत. या वेदनेकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण परंपरेच्या बाजूने बोलणारे लोक तिच्यावरून घाईने पुढे जातात. इथे एवढेच लक्षात घ्यायचे की रसेलच्या काळातच पुरुषांमधली ही चाल सुटू लागली होती, बायकांमध्ये ती टिकून होती. मंत्रतंत्र करणारा पुरुष छातीवर किंवा उजव्या खांद्यावर आपल्या देवाची खूण काढून घेई. बाकीच्या पुरुषांना तेव्हाही दुसरे दाखले मिळू लागले होते. शेतसाऱ्याच्या वहीत नाव पुरुषाचे, जंगलखात्याच्या मजुरीच्या हजेरीत पुरुषाचे, कोर्टाच्या समन्सावर पुरुषाचे. कागद ज्याच्या वाट्याला आधी आला त्याच्या अंगावरचे गोंदण आधी ओसरले, असे म्हणायला मला इथे आधार दिसतो. बाईचे नाव कागदावर यायला आणखी दोन पिढ्या लागल्या, आणि तिच्या हनुवटीवरचे ठिपके, हातावरची तुळस, विंचू, कोयरी, सीतेची रसोई तितकाच काळ टिकली.

सरकारने त्वचेवर लिहिण्यात हात घातला, असे वर म्हटले, ती अलंकारिक भाषा नव्हे. १७९७ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या न्यायव्यवस्थेत जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचे नाव आणि गुन्हा गोंदण्याची शिक्षा होती. त्यासाठी तंत्र देशी गोंदणाचेच वापरले जाई. म्हणजे जी कला मुलीला घर मिळवून देत होती, तीच कला कैद्याला कुठल्याही घरात जागा मिळणार नाही याची सोय करत होती. १८४९ च्या कायद्याने ही प्रथा बंद झाली. वऱ्हाड निजामाकडून कंपनीकडे आला तो १८५३ मध्ये, म्हणजे चारच वर्षांनी. त्यामुळे वणी-केळापूरच्या माणसांच्या कपाळावर कंपनीची सुई कधी टेकली नाही, पण त्या सुईमागचा विचार मागल्या दाराने इथेही आला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करण्याची वाट मोकळी झाली आणि नोंदलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. हा ठशांचा मुद्दा निर्णायक आहे. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाल्यावर सरकारला माणसाच्या अंगावर स्वतः काही लिहिण्याची गरजच उरली नाही. निसर्गाने आधीच लिहिलेले त्याला वाचता येऊ लागले. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. ठसे मात्र राहिले, आणि सरकारी नोकराच्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर ते सन्मानाने जाऊन बसले. त्याच पानावर शरीरावरच्या ओळखीच्या खुणांचा रकाना असतो. तीळ, जखमेचा व्रण, भाजल्याचा डाग चालतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार कार्ड नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिले गेले तेव्हा बोटांच्या जोडीला डोळ्यातले बुबुळही आले. गोंदणाची गादी कोणाकडे गेली, हे पाहायचे तर टॅटूच्या दुकानात जाण्यापेक्षा आधार केंद्रात जावे.

सैनिकाच्या बाबतीत तर इतिहास पूर्ण उलटा फिरलेला आहे. उत्तरकालीन रोमन साम्राज्यात भरती झालेल्या शिपायाच्या त्वचेवर खूण करत, म्हणजे पळाला तर ओळखता यावा. त्याच जगातला सहाव्या शतकातला वैद्य एटियस याने गोंदणाच्या शाईची कृती दिली आणि गोंदण काढण्याचा उपायही दिला. तेव्हा नोकरीत घेताना गोंदत आणि सुटका झाल्यावर माणूस ते काढू पाही; आज नोकरीत शिरण्यासाठी काढावे लागते. दोन्ही वेळी त्वचेवर हक्क कोणाचा, हे भरती करणारा ठरवतो.

या दोन टोकांच्या मधला विसाव्या शतकातला टप्पा सहसा कोणी गंभीरपणे घेत नाही, म्हणून त्यावर थोडे. विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीने १८९१ मध्ये घेतले. त्याची बॅटरीवर चालणारी गरीब भावंडे आपल्याकडच्या जत्रांत आली. वणीची रंगनाथस्वामींची यात्रा असो की केळापूरच्या जगदंबेची, भांड्यांची आणि बांगड्यांची दुकाने जिथे लागतात तिथे गोंदणाचे यंत्र घेऊन बसलेला माणूसही दिसतो. त्याच्याकडे नक्ष्यांचा फलक असतो, देव असतात, फूल असते, आणि सगळ्यात जास्त चालतात ती नावे. स्वतःचे नाव, नवऱ्याचे, भावाचे, देवाचे. अक्षरओळख झालेल्या पहिल्या पिढीने आपल्या नव्या विद्येचा हा वापर केला. ओझा बाईच्या गोंदणात गट बोलत होता. जत्रेतल्या यंत्राने एकेकट्या माणसाला बोलते केले. म्हणून आजच्या मुलाच्या हातावरचे प्रेयसीचे नाव किंवा शिवरायांची मुद्रा परंपरेशी काडीचाही संबंध नसलेली आहे, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर आहे की संबंध आहे, फक्त दाखला देणारा बदलला. पूर्वी समाज म्हणे, ही आमची. आता मुलगा म्हणतो, मी यांचा. त्याचा दोष एवढाच की हे वाक्य त्याने अशा जागी लिहिले, जिथे सरकारला दुसरे वाक्य लिहायचे असते, म्हणजे गणवेश आणि सलाम.

२०१५ मध्ये आलेल्या नियमांकडे याच दृष्टीने पाहावे लागते. भारतीय सैन्यात कायमचे गोंदण फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालते. इतरत्र असेल तर उमेदवार बाद. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठी गृह मंत्रालयाच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचना आणखी बारकाईच्या आहेत. मजकूर धार्मिक चिन्हाचा किंवा नावाचा असेल तर चालेल. जागा डाव्या हाताची आतली बाजू किंवा पंजाची वरची बाजू. आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी. डावाच हात का, याचे कारणही सूचनेतच आहे: तो सलाम करणारा हात नाही. उजवा हात वरिष्ठासमोर कपाळाशी जातो तेव्हा त्यावर दुसऱ्या कोणाचे नाव वाचता येऊ नये. देवाचेसुद्धा. मला हा नियम चुकीचा वाटत नाही, तो प्रामाणिक वाटतो. गोंदणात काय लिहिले आहे यापेक्षा ते कोणासमोर वाचले जाते याची त्याला काळजी आहे, आणि वर सांगितलेला दोनशे वर्षांचा इतिहास नेमका याच काळजीचा आहे.

खरी गुंतागुंत त्या नियमाच्या सवलतीत आहे. केंद्र सरकारने जाहीर केलेल्या आदिवासी जमातींच्या उमेदवारांच्या चेहऱ्यावर किंवा अंगावर त्यांच्या रूढीप्रमाणे गोंदण असेल, तर सैन्यात प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे पाहून परवानगी देता येते. उदार तरतूद आहे. पण यवतमाळच्या नकाशावर ती ठेवून पाहिली की काय होते? वणी, मारेगाव, झरी-जामणी, केळापूर, घाटंजी, राळेगाव या पट्ट्यातले गोंड, परधान, कोलाम आणि पुसद-उमरखेडकडचे आंध हे अनुसूचित जमातींत येतात; कोलाम तर विशेष असुरक्षित आदिवासी गटात आहेत. त्यांना सवलत मागता येईल. पण त्याच पुसद-दिग्रसच्या पट्ट्यातला, वसंतराव नाईकांसारखा मुख्यमंत्री राज्याला देणारा बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत. जुन्या हैदराबाद भागात त्यांना हा दर्जा १९७६ च्या कायद्याने मिळाला. मधे आहे फक्त पैनगंगा. गोरमाटी बोली तीच, तांडा तोच, नाते नदीच्या दोन्ही काठांवर, गोंदणाचे ठिपकेही तसेच. तरी आदिलाबादकडच्या तांड्यातल्या मुलीच्या हनुवटीवरचे ठिपके रूढीत बसतात आणि उमरखेडकडच्या मुलीचे ठिपके अपात्रतेत. २०२५ च्या सप्टेंबरपासून हैदराबाद गॅझेटच्या आधाराने महाराष्ट्रात बंजारा समाजाने अनुसूचित जमातीच्या दर्जासाठी आंदोलने केली. त्या मागणीच्या बऱ्यावाईटाची चर्चा इथे करायची नाही. पण यातून जे दिसते ते माझ्या मुद्द्याचे गमक आहे. एके काळी गोंदण पाहून माणूस कोणत्या समाजाचा ते कळे. आता जातीचा दाखला पाहून त्या माणसाचे गोंदण खरे की खोटे ते ठरते. दाखल्याने गोंदणाला मान्यता द्यायची, हा क्रम गोंदणारणीच्या डोक्यातही आला नसता.

आणि आणखी एक. चेहऱ्यावर गोंदण असते ते बहुतेक बायकांच्या. सैन्याने शिपाई पातळीवर स्त्रियांना घ्यायला सुरुवात केली ती लष्करी पोलीस दलात, आणि त्यांची पहिली तुकडी २०२१ मध्ये दाखल झाली. ज्या आज्यांच्या कपाळावर आणि हनुवटीवर ही रूढी जिवंत होती, त्यांच्यासाठी भरतीचे दार कधी उघडलेच नव्हते; ज्या नातींसाठी उघडले, त्यांच्यातल्या बहुतेकींच्या आयांनी त्यांना गोंदवलेलेच नाही. सवलत कागदावर आहे, तिचा लाभ घेणारे चेहरे मात्र एका पिढीने मागे राहिले.

यावर पहिला आक्षेप आरोग्याचा घेतला जातो. अस्वच्छ सुईतून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही पसरतो. मग सैन्याने काळजी घेऊ नये का? जरूर घ्यावी. पण रोगाचा विषाणू रक्ताच्या चाचणीत सापडतो, गोंदणाच्या जागेवरून नाही. डाव्या हाताला लावलेली सुई उजव्या हाताला लावलेल्या सुईपेक्षा स्वच्छ असते असे कोणी म्हणणार नाही, आणि लेसरने शाई निघाली तरी एकदा झालेला संसर्ग निघत नाही. ज्या नियमात जागा, मजकूर आणि आकार मोजला जातो, त्याचा उद्देश आरोग्य असू शकत नाही. दुसरा आक्षेप एकसारखेपणाचा. तो जास्त वजनदार आहे. गणवेशाने माणसांचे वेगळेपण थोडे झाकावे हीच अपेक्षा असते, आणि ज्याला वेगळेपण जपायचे त्याच्यासाठी दुसऱ्या नोकऱ्या आहेत. हे मला मान्य आहे. फक्त ही रेषा निसर्गाने आखलेली नाही, हे ध्यानात ठेवावे. अमेरिकेच्या सैन्याने २०१४ मध्ये गोंदणाचे नियम कडक केले, पुढच्याच वर्षी ते सैल केले, आणि २०२२ मध्ये, जवान मिळेनासे झाले तेव्हा, हातावर आणि मानेमागे लहान गोंदण चालेल असे जाहीर केले. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय विमान कंपनीने माओरी कर्मचाऱ्यांच्या परंपरागत गोंदणावरून झालेल्या टीकेनंतर २०१९ मध्ये सर्वच कर्मचाऱ्यांवरची बंदी उठवली. आदिवासींना वेगळा दाखला आणायला न सांगता. म्हणजे शिस्तीची गरज मागणी-पुरवठ्याप्रमाणे हलते. आपल्याकडे एका जागेसाठी रांगा लागतात, त्यामुळे नियम सैल करण्याची घाई कोणालाच नाही. यात अन्याय शोधण्याआधी बेरोजगारी पाहावी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्या गोंदणाला दाखला म्हणून गौरवायचे, ते आठ-दहा वर्षांच्या मुलीला दाबून धरून, तिला न विचारता केलेले असे. तिच्या किंकाळ्यांचा हिशेब कोण देणार? शिवाय गोंदलेला चेहरा शहरात गेला की गावठी, अडाणी, जंगली ठरे. नोकरी देणाऱ्याच्या, नर्सच्या, बँकेतल्या कारकुनाच्या नजरेत तो आधीच मागे ढकलला जाई. अशा बाईला ते काढून टाकावेसे वाटले तर ती परंपरेची विटंबना झाली का? मुळीच नाही. तिने तिच्या अंगावर दुसऱ्याने लिहिलेले खोडले, एवढेच झाले, आणि तो तिचा पूर्ण हक्क आहे. मी गोंदणाची बाजू घेत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की ते काढण्यामागचे कारण प्रत्येकाचे सारखे नाही. आजीच्या बाबतीत समाजाचे लिखाण पुसण्याची मोकळीक आहे, नातवाच्या बाबतीत स्वतःचे लिखाण सरकारसाठी पुसण्याची अट आहे. दोघे एकाच यंत्राखाली बसतात म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत.

त्या यंत्राचे काम समजून घेतले की यवतमाळच्या बाबतीत एक गमतीशीर उलटापालट दिसते. रंगद्रव्याला शोषता येईल अशा तरंगलांबीचा प्रकाश अतिशय अल्प काळ टाकला तर आजूबाजूची त्वचा शाबूत ठेवून फक्त तेवढाच कण फोडता येतो, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडले. फुटलेले कण शरीराच्या पेशी हळूहळू वाहून नेतात. म्हणूनच दोन बैठकांत साधारण सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात आणि एका बैठकीत काम संपत नाही. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण तो त्वचेतल्या मेलॅनिनला कमी धक्का देतो. लाल रंगासाठी लागणारा ५३२ नॅनोमीटरचा झोत मात्र सावळ्या त्वचेवर पांढरे किंवा काळे डाग ठेवून जाण्याचा धोका जास्त. काजळीचा काळा रंग या प्रकाशाला सगळ्यात लवकर शरण येतो. हिरवा आणि पिवळा हट्टी. थोडक्यात, परलोकापर्यंत टिकावे म्हणून काजळीने केलेले आजीचे गोंदण लेसरपुढे सगळ्यात दुबळे, आणि आठवडी बाजारात हौसेने काढलेला रंगीत मोर सगळ्यात चिवट. हातापायांच्या टोकांकडचे गोंदण धडावरच्यापेक्षा उशिरा फिके पडते, कारण तिथला रक्त-लसिकेचा प्रवाह मंद. सलाम करणाऱ्या मनगटाला म्हणूनच वेळ जास्त लागतो.

हा वेळ आणि भरतीचे वय यांची गाठ घालून पाहिली पाहिजे. अग्निवीर योजनेत २०२२ मध्ये वयाची अट साडेसतरा ते एकवीस ठरली. सहा-आठ बैठका लागणार असतील आणि प्रत्येकीत दोन महिने जाणार असतील, तर वर्ष-सव्वा वर्ष त्यातच संपते, म्हणजे मिळणाऱ्या साडेतीन वर्षांतला तिसरा हिस्सा. जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्याला हे जमत नाही. बारावीला असतानाच ठरवावे लागते. आणि कापसाच्या एका हंगामावर चालणाऱ्या घरात, ज्या उपचाराला सौंदर्यचिकित्सा म्हणून सरकारी योजनांचा आधार मिळत नाही, त्यासाठी नागपूरच्या फेऱ्या कशा होणार हा प्रश्न वेगळाच. मग मीठ घासणे, ॲसिड लावणे, तापलेल्या वस्तूने जाळणे असे उपाय सुचवणारे भेटतात. त्याने रंग जातो की नाही ते नशीब, पण जाड व्रण हमखास येतो, आणि मग डॉक्टरसमोर गोंदणाऐवजी व्रणाचे स्पष्टीकरण द्यावे लागते. सेवापुस्तकाच्या ओळखीच्या खुणांच्या रकान्यात हा व्रण चालला असता. अडचण एवढीच की सेवापुस्तक उघडण्यासाठी आधी मेडिकल निघावे लागते.

न्यायालयांनी या बाबतीत जे केले ते नियमाच्या भाषेपेक्षा शहाणपणाचे आहे. सोलापूरच्या एका उमेदवाराला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने हातावरच्या धार्मिक चिन्हाच्या गोंदणावरून अपात्र ठरवले होते. ते त्याने बरेचसे काढूनही टाकले होते. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली. दिल्ली उच्च न्यायालयानेही उजव्या हातावर गोंदण असलेल्या उमेदवारांना ते काढून पुन्हा वैद्यकीय तपासणीला येण्याची मुभा दिल्याची प्रकरणे आहेत. या निकालांनी नियम मोडला नाही. सलामाचा हात मोकळा असावा ही अपेक्षा त्यांनी मान्य केली आणि मोकळा करायला वेळ द्या एवढे सांगितले. मात्र त्यासाठी उमेदवाराला वकील लावून उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ही मुदत वैद्यकीय सूचनेतच लिहिता येईल: इतर सर्व बाबतीत पात्र असलेल्या उमेदवाराला तात्पुरता अपात्र धरावे, त्याची गुणवत्ता पुढच्या भरतीपर्यंत राखून ठेवावी आणि उपचार पूर्ण झाल्यावर त्याची तेवढीच तपासणी पुन्हा करावी. यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. भरतीला उतरणाऱ्या मुलांसाठी तिथल्या त्वचारोग विभागात हा उपचार माफक दरात मिळावा, ही मागणी आमदारांना करता येण्यासारखी आहे, आणि भरतीपूर्व प्रशिक्षणावर सरकार खर्च करते त्या तर्कात ती सहज बसते. बंजारा मुलीच्या हनुवटीचा प्रश्न मात्र यातल्या कशानेच सुटणार नाही. त्यासाठी सवलतीच्या वाक्यातला केंद्राने जाहीर केलेल्या जमातींचा उल्लेख बदलून, ज्या समाजात गोंदणाची रूढी सिद्ध करता येते तो प्रत्येक समाज, असे लिहावे लागेल, आणि रूढी सिद्ध करायची तर पुरावा म्हणून पुन्हा तिच्या आईचा आणि आजीचा चेहराच पाहावा लागेल.